अमेरिकन यादवी युद्ध

अमेरिकन यादवी युद्ध हे १८६१ ते १८६५ या चार वर्षांत अमेरिकेची उत्तरेकडची राज्यं आणि दक्षिणेकडची गुलामगिरीवाली राज्यं यांच्यात झालेलं युद्ध. दक्षिणेतली ११ राज्यं संघराज्यातून फुटली, त्यांनी ‘कॉन्फेडरेट स्टेट्स’ नावाचा वेगळा देश जाहीर केला, अब्राहम लिंकनच्या सरकारनं ही फूट मानायला साफ नकार दिला, आणि मग जे पेटलं त्यात जेवढे अमेरिकन मेले तेवढे त्या देशानं लढलेल्या दुसऱ्या कुठल्याच युद्धात मेलेले नाहीत. बरीच वर्षं हा आकडा ६ लाख २० हजार असा सांगितला जायचा, अलीकडे जनगणनेच्या नोंदी ताडून काढलेले अंदाज ७ ते साडेसात लाखांपर्यंत जातात. यातले निम्म्याहून बरेच जास्त लोक छावणीतच हगवण, टायफॉइड, न्यूमोनिया असल्या रोगांनी गेले. शेवटी साधारण ४० लाख गुलाम कायद्यानं मोकळे झाले.

भांडण नक्की कशाचं होतं

यावर इंटरनेटवर अजूनही हमरीतुमरी चालते. एक बाजू म्हणते गुलामगिरीवरून झालं, दुसरी म्हणते छे, ‘राज्यांच्या हक्कांवरून’ झालं, गुलामगिरी वगैरे नंतर चिकटवलेलं. खरं तर वाद घालायची फारशी गरज नाही, कारण फुटणाऱ्यांनी आपली कारणं स्वतःच लिहून ठेवलीत. मिसिसिपी राज्याच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच सांगितलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. कॉन्फेडरसीचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यानं २१ मार्च १८६१ ला सव्हाना शहरात भाषण केलं, त्यात तो उघड म्हणाला की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे तत्त्वच आमच्या नव्या सरकारची कोनशिला आहे. त्यांच्या नव्या घटनेत तर गुलाम बाळगण्याच्या हक्काला धक्का लावणारा कायदा करायचाच नाही अशी स्पष्ट बंदी होती.

आणि राज्यांच्या हक्कांचं म्हणाल तर गंमत उलटीच आहे. १८५० मध्ये ‘फरारी गुलाम कायदा’ झाला, म्हणजे पळून उत्तरेत गेलेल्या गुलामाला पकडून परत द्यायला तिथल्या सामान्य नागरिकानंही मदत करायची, पळणाऱ्याला थारा दिला किंवा पकडापकडीत आडवं आलं तर दंड आणि तुरुंग. उत्तरेतल्या काही राज्यांनी आम्ही हे करणार नाही म्हणून स्वतःचे कायदे केले, म्हणजे त्यांनी राज्याचा हक्कच वापरला की, तर दक्षिणेला ते अजिबात चाललं नाही. साउथ कॅरोलायनाच्या फुटीच्या जाहीरनाम्यात तक्रार आहे ती हीच, की उत्तरेकडची राज्यं आमचे पळालेले गुलाम परत देत नाहीत.

कापूस, जिन आणि माणसांचा बाजार

देश स्थापन झाला तेव्हा बऱ्याच लोकांना वाटायचं की गुलामगिरी हळूहळू आपोआप संपेल. १७८७ च्या घटनेत तो शब्द न वापरता तिला सांभाळून घेतलं होतं, म्हणजे संसदेतल्या जागा ठरवताना दर पाच गुलामांमागे तीन माणसं धरायची, अर्थात मत गुलामाला नाहीच, वजन मालकाच्या राज्याला. मग १७९३ मध्ये एली व्हिटनीनं सरकी वेगळी करायचं यंत्र, जिन, बनवलं आणि सगळं गणित फिरलं. दक्षिणेच्या आतल्या भागात येणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी तंतूंना घट्ट चिकटून असते, हातानं दिवसभर बसून एका माणसाचा जेमतेम एक पौंड कापूस साफ व्हायचा, तो यंत्रावर ५० पौंडांपर्यंत जायला लागला. यंत्रानं कष्ट वाचले ते सरकी काढायचे, पेरणी, खुरपणी, वेचणी हातानंच, मग जमीन वाढली तसे हात जास्त लागायला लागले.

१८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी आली, पण देशातल्या देशात खरेदी-विक्री मोकळी होती आणि आई गुलाम तर मूल गुलाम असा कायदा होता, त्यामुळे १७९० ला ७ लाखांच्या आसपास असलेली गुलामांची संख्या १८६० ला ३९ लाख ५० हजारांवर गेली. व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांत जमिनी थकलेल्या, तिथून माणसं विकून मिसिसिपी, अलाबामा, लुइझियानाच्या कापूसपट्ट्यात पाठवायची, नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसऱ्याच मळ्यावर. युद्धाच्या तोंडावर अमेरिकेच्या निर्यातीतला निम्म्याहून जास्त पैसा एकट्या कापसाचा होता, आणि या गुलामांची बाजारातली किंमत देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखाने मिळून होईल त्यापेक्षा जास्त भरत होती. एवढी मालमत्ता कोणी भाषणं ऐकून सोडत नाही.

गुलामगिरी असलेल्या राज्यांत साधारण चारातल्या एका गोऱ्या घराकडेच गुलाम होते. तरी बाकीचे गरीब गोरे त्यांच्या बाजूनं लढले, त्यात नात्यागोत्याचा, भीतीचा भाग होता आणि मुख्य म्हणजे आपल्या खाली कोणीतरी आहे याचं समाधान होतं, जे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

पश्चिमेची जमीन कोणाची

देश पश्चिमेकडे पसरत होता आणि प्रत्येक नवं राज्य आलं की एकच प्रश्न, इथे गुलामगिरी चालणार की नाही, कारण त्यावर सिनेटमधला तोल ठरायचा. १८२० मध्ये मिसुरी तडजोड झाली, ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाची रेघ मारली, तिच्या वरच्या नव्या मुलखात गुलामगिरी नाही, खाली चालेल. मेक्सिकोशी युद्ध करून (१८४६–४८) प्रचंड मुलूख मिळवल्यावर १८५० मध्ये परत तडजोड झाली. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यानं ती जुनी रेघच पुसली आणि ठरवलं की तिथल्या रहिवाशांनी मत देऊन काय ते ठरवावं, मग दोन्ही बाजूंनी माणसं घुसवली, बंदुका आल्या, कॅन्ससमध्ये खून पडायला लागले. याच गदारोळात रिपब्लिकन पक्ष जन्माला आला.

वातावरण किती विकोपाला गेलं होतं ते बघायचं तर २२ मे १८५६ चा दिवस बघावा. मॅसॅच्युसेट्सचा गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनर सभागृहात आपल्या डेस्कवर बसून लिहीत होता, साउथ कॅरोलायनाचा खासदार प्रेस्टन ब्रुक्स त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि हातातल्या सोन्याच्या मुठीच्या काठीनं त्याच्या डोक्यावर मारायला लागला, काठीचे तुकडे होईपर्यंत. डेस्क जमिनीला बोल्टनं पक्कं केलेलं होतं, समनरचे पाय त्यात अडकले, उठायच्या धडपडीत त्यानं ते डेस्कच उपटलं आणि रक्तबंबाळ होऊन कोसळला. पुढची तीन वर्षं तो नीट कामावर येऊ शकला नाही. ब्रुक्सला काय झालं, तर थोडा दंड, आणि दक्षिणेतल्या चाहत्यांनी त्याला नव्या काठ्या भेट म्हणून पाठवल्या.

१८५७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ड्रेड स्कॉट खटल्यात निकाल दिला की काळा माणूस, मग तो गुलाम असो की मोकळा, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. १८५९ मध्ये जॉन ब्राऊन हा कट्टर गुलामगिरीविरोधी गोरा माणूस मूठभर साथीदार घेऊन हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर चालून गेला, बंड फसलं, त्याला फाशी झाली, उत्तरेत अनेकांना तो हुतात्मा वाटला आणि दक्षिणेची झोप उडाली. त्याला पकडायला आलेल्या तुकडीचा प्रमुख होता कर्नल रॉबर्ट ई. ली, जो पुढे दक्षिणेचा सगळ्यात मोठा सेनापती झाला.

१८६० च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचा लिंकन जवळपास ४० टक्के मतांवर निवडून आला, दक्षिणेतल्या दहा राज्यांत तर त्याला मत टाकायची सोयच नव्हती. तो गुलामगिरी बंद करू म्हणत नव्हता हे लक्षात घ्यायला हवं, म्हणणं एवढंच की आहे तिथे राहू द्या, नव्या मुलखात पसरू देणार नाही. तेवढंही पुरलं. २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलायना फुटलं, मागोमाग आणखी सहा राज्यं, जेफरसन डेव्हिस त्यांचा अध्यक्ष झाला. १२ एप्रिल १८६१ ला पहाटे चार्ल्सटन बंदरातल्या फोर्ट सम्टर या संघराज्याच्या किल्ल्यावर दक्षिणेनं तोफा डागल्या आणि युद्ध सुरू झालं. मग व्हर्जिनियासकट आणखी चार राज्यं जाऊन मिळाली. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिसुरी या चार राज्यांत मात्र गुलामगिरी असूनही ती संघराज्यातच राहिली, आणि यांना दुखवायचं नाही म्हणून लिंकन सुरुवातीला फार जपून पावलं टाकत होता.

नाकेबंदी आणि मुंबईतला पैसा

उत्तरेकडे माणसं जास्त, कारखाने जास्त, रेल्वे जास्त आणि आरमार तर जवळजवळ सगळं त्यांचंच. लिंकननं एप्रिल १८६१ मध्येच दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. दक्षिणेला वाटत होतं की इंग्लंडच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशांहून जास्त कापूस आपल्याकडून जातो म्हणजे इंग्लंड झक मारत आपल्याला मान्यता देईल. तसं झालं नाही. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगारांवर उपासमारीची वेळ आली, तरी ब्रिटिश सरकार तटस्थ राहिलं आणि कापूस दुसरीकडे शोधायला लागलं.

तो दुसरीकडचा कापूस म्हणजे मुख्यतः आपला. गुजरात, खानदेश, वऱ्हाडचा कापूस मुंबईहून जायचा, धागा आखूड, त्यात कचरा, लँकेशायरचे कामगार त्याच्या नावानं बोटं मोडायचे, पण पर्याय नव्हता आणि भाव कित्येक पटींनी चढला. मुंबईत एवढा पैसा आला की ठेवायचा कुठे हा प्रश्न, मग बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करायच्या योजना निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या आसपास गेला. या सगळ्या सट्ट्याचा राजा प्रेमचंद रायचंद, ज्याच्या देणगीतून पुढे आईच्या नावानं राजाबाई टॉवर उभा राहिला. एप्रिल १८६५ मध्ये तिकडे लीनं शरणागती पत्करली, बातमी इकडे पोचली, कापसाचा भाव कोसळला आणि त्या वर्षी मुंबईतल्या पेढ्या, कंपन्या पत्त्यांसारख्या पडल्या, पुढे १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेसुद्धा बुडाली. तेजीच्या वर्षांत सावकारांनी दख्खनच्या गावागावांत हात सैल सोडून कर्ज वाटलेलं, मंदीत वसुलीचा फास आवळला, आणि १८७५ मध्ये सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले त्यामागे दुष्काळ, सारावाढ यांच्यासोबत हेही एक कारण होतं.

गुलामांनी युद्धाची दिशा बदलली ती कशी

शाळेत शिकवतात ते असं की लिंकननं गुलाम मुक्त केले. ते अर्धंच आहे, सुरुवात गुलामांनी स्वतः केली. २३ मे १८६१ च्या रात्री, म्हणजे युद्धाला सव्वा महिनाच झालेला, फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडीनं पळून व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रो या उत्तरेच्या किल्ल्यावर आले. त्यांचा मालक कॉन्फेडरेट कर्नल, त्यानं त्यांना समोरच्या किनाऱ्यावर तोफांचा मोर्चा बांधायला जुंपलं होतं. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीनं एक मेजर पांढरा झेंडा घेऊन हजर, म्हणे फरारी गुलाम कायद्याप्रमाणे आमची माणसं परत द्या. किल्ल्याचा प्रमुख बेंजामिन बटलर हा पेशानं वकील, गुलामगिरीचा मोठा विरोधक वगैरे अजिबात नाही. तो म्हणाला, तुम्हीच सांगताय ना की व्हर्जिनिया आता परदेश आहे, मग अमेरिकेचा कायदा परदेशाला कसा लागू होईल? मालकानं इथे येऊन संघराज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि माणसं घेऊन जावी. नाहीतर शत्रूची युद्धात वापरलेली मालमत्ता म्हणून मी ती जप्त करतोय. म्हणजे गुलामाला माल मानायचा दक्षिणेचाच नियम त्यानं त्यांच्यावर उलटवला.

ही बातमी बिनतारी बिनकागदी आसपासच्या मळ्यांवर पोचली. काही दिवसांत आठ आले, मग डझनांनी, मग बायका-मुलं-म्हातारे सगळे, आणि उत्तरेचं सैन्य जिथे जिथे गेलं तिथे हेच व्हायला लागलं. छावण्यांत हाल होते, रोगराई होती, बरेच मेले, तरी लोक येत राहिले. वॉशिंग्टनमधल्यांना काहीतरी ठरवणं भाग पडलं, ऑगस्ट १८६१ आणि जुलै १८६२ मध्ये जप्तीचे कायदे झाले, एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामगिरी बंद झाली (भरपाई अर्थात मालकांना, माणशी ३०० डॉलरपर्यंत).

रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट तर कोणी रचलेली वाटावी अशी आहे. हा २३ वर्षांचा गुलाम चार्ल्सटन बंदरात ‘प्लँटर’ नावाच्या कॉन्फेडरेट जहाजावर सुकाणू धरायचा. १२ मे १८६२ च्या रात्री तिन्ही गोरे अधिकारी हुकूम मोडून किनाऱ्यावर झोपायला गेले, पहाटे तीनच्या सुमारास स्मॉल्सनं जहाज सोडलं, दुसऱ्या धक्क्यावर लपून बसलेली बायको, मुलं आणि खलाशांची कुटुंबं उचलली, कॅप्टनची गवती हॅट डोक्यावर घातली आणि त्याच्याच ढबीत उभा राहून फोर्ट सम्टरसकट एकेक किल्ला शिट्टीचे बरोबर इशारे देत पार केला. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर वर पांढरी चादर चढवली आणि जहाज, तोफा, सगळं उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केलं. पुढे हाच माणूस अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला, आणि ज्या घरात त्याची आई गुलाम म्हणून राबली ते मालकाचं घर त्यानं विकत घेतलं.

लिंकनही या काळात बदलत गेला. ऑगस्ट १८६२ मध्ये तो जाहीरपणे म्हणत होता की माझा मुख्य हेतू संघराज्य वाचवणं, गुलामगिरी वाचवणंही नाही आणि संपवणंही नाही, मात्र मुक्तीच्या घोषणेचा मसुदा तोवर तयार होता, तो विजयाची वाट बघत होता. १७ सप्टेंबर १८६२ ला अँटिएटमच्या एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २३,००० मेले, जखमी किंवा बेपत्ता झाले, विजय म्हणावा की नाही अशीच लढाई, पण ली मागे हटला आणि पाच दिवसांनी लिंकननं घोषणा केली. १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर भागातले गुलाम मुक्त. जी चार राज्यं आपल्या बाजूला होती तिथले नाहीत, जो भाग आधीच जिंकलेला त्यातलेही बरेचसे नाहीत. कागदावर बघितलं तर विचित्र, पण आता सैन्य पुढे सरकेल तशी मुक्ती पुढे सरकणार होती आणि काळ्या माणसांची सैन्यात भरती उघडली.

जवळपास १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या लष्करात होते, त्यातले बहुतेक दक्षिणेतून सुटून आलेले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, काळ्याला १० आणि त्यातून कपड्याचे ३ कापून. मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीनं असला पगार घ्यायलाच नकार दिला, फुकट लढले पण कमी घेतला नाही, जून १८६४ मध्ये संसदेला पगार सारखा करावा लागला. याच पलटणीनं जुलै १८६३ मध्ये फोर्ट वॅगनरवर केलेल्या हल्ल्यात निम्म्याच्या जवळपास माणसं गमावली. पकडले गेले तर काळ्या सैनिकाला युद्धकैदी मानायला दक्षिण तयार नव्हती, फोर्ट पिलोला १८६४ मध्ये शरण आलेल्यांनाही मारलं.

शेवटची दोन वर्षं

लढायांचं वर्णन सगळीकडे मिळतं, इथे थोडक्यात. जुलै १८६३ च्या पहिल्या तीन दिवसांत गेटिसबर्गला लीची उत्तरेवरची स्वारी मोडली, ४ जुलैला उत्तरेचा सेनापती युलिसीस ग्रँट यानं मिसिसिपी नदीवरचं व्हिक्सबर्ग घेतलं आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या भरतीविरुद्ध दंगल उसळली, ३०० डॉलर भरले की भरतीतून सुटका असा नियम होता म्हणून गरीब आयरिश कामगार चिडलेले, राग मात्र काढला तो काळ्यांवर, त्यांना दिव्याच्या खांबांना लटकवलं, काळ्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला. उत्तर म्हणजे सगळे धुतल्या तांदळासारखे होते असं समजणाऱ्यांनी एवढं वाचावं.

१८६४ मध्ये ग्रँट सरसेनापती झाला, लीच्या मागे हात धुवून लागला, माणसं पाण्यासारखी गेली. सप्टेंबरमध्ये उत्तरेच्याच शर्मन या सेनापतीनं दक्षिणेतलं अटलांटा शहर घेतलं नसतं तर लिंकन नोव्हेंबरची निवडणूक बहुधा हरला असता. तिथून शर्मन समुद्रापर्यंत रेल्वेचे रूळ उखडत, धान्य-जनावरं लुटत गेला. ९ एप्रिल १८६५ ला अ‍ॅपोमॅटॉक्स गावात विल्मर मॅक्लीन नावाच्या माणसाच्या दिवाणखान्यात लीनं शरणागतीवर सही केली. या मॅक्लीनचं आधीचं घर बुल रन इथे होतं, १८६१ ची पहिली मोठी लढाई त्याच्या दारात झाली म्हणून तो वैतागून इतक्या लांब राहायला आला होता. शरणागतीनंतर पाच दिवसांनी लिंकनला गोळी घातली.

नंतर

१३वी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झाली, गुलामगिरी बंद, फक्त ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून’ ही पळवाट ठेवून, आणि दक्षिणेनं तिचा पुरेपूर वापर केला, म्हणजे बेकार फिरतोय म्हणून काळ्या माणसाला पकडायचं आणि कैदी म्हणून मळ्यावर, खाणीत भाड्यानं द्यायचं. १४व्या दुरुस्तीनं (१८६८) नागरिकत्व, १५व्या दुरुस्तीनं (१८७०) मताचा हक्क दिला, काही वर्षं काळे आमदार, खासदार निवडूनही आले. जमीन मात्र मिळाली नाही. शर्मननं किनारपट्टीवर कुटुंबाला ४० एकरांपर्यंत द्यायचा हुकूम काढला होता, लिंकननंतर आलेल्या अँड्र्यू जॉन्सननं त्या जमिनी जुन्या मालकांना परत दिल्या, मग तीच माणसं त्याच मालकांची शेतं बटईनं कसायला लागली आणि दुकानदाराच्या वहीत अडकली. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त टोळीची दहशत चालूच होती, १८७७ मध्ये उत्तरेनं सैन्य मागे घेतलं आणि मताचा हक्क पुढची जवळजवळ ९० वर्षं कागदावर राहिला.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना मुक्त करायचं काम केलं त्यांना अर्पण केलं, आपल्या देशबांधवांनी शूद्र-अतिशूद्रांच्या बाबतीत तो कित्ता गिरवावा या अपेक्षेनं. युद्ध संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती.

तिकडे दक्षिणेत मात्र वेगळाच इतिहास तयार होत होता, आम्ही गुलामगिरीसाठी लढलोच नाही, आपल्या मातीसाठी लढलो, हरलो ते फक्त संख्येमुळे, गुलाम तर सुखात होते. हे शाळेच्या पुस्तकांत गेलं, चौकाचौकात पुतळे उभे राहिले, त्यातले बरेचसे युद्धानंतर तीस-चाळीस वर्षांनी, म्हणजे काळ्यांचे हक्क काढून घेतले जात होते नेमक्या तेव्हा. रिचमंडमधला लीचा घोड्यावरचा पुतळा १८९० चा, तो सप्टेंबर २०२१ मध्ये उतरवला. त्याच वर्षी १९ जून हा दिवस, १८६५ मध्ये टेक्सासच्या गॅल्व्हस्टनमधल्या गुलामांना मुक्तीची खबर अधिकृतपणे कळली तो, देशाची सुट्टी झाला. अलाबामा आणि मिसिसिपीत कॉन्फेडरेट स्मृतिदिनाची सरकारी सुट्टीही अजून चालू आहे.